लेखी हुकूम आणि दूरचे यंत्र

हुकूम दोन प्रकारचे असतात, तोंडी आणि लेखी. सरकारी कचेरीत ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला ह्या दोहोंतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. तोंडी हुकूम चटकन दिला जातो, चटकन पाळला जातो, आणि पुढे काही बिनसले म्हणजे तितक्याच चटकन नाहीसाही होतो. लेखी हुकमाला वेळ लागतो. आधी त्याचा मसुदा होतो. तो दुसरा कोणी वाचतो, एखादा शब्द खोडतो. मग सही, मग जावक क्रमांक, आणि मगच कागद कचेरीबाहेर पडतो. ह्या दिरंगाईबद्दल आम्हां सरकारी नोकरांची पुष्कळ थट्टा झालेली आहे, आणि तिच्यातील बराचसा भाग रास्तही आहे. तथापि मसुदा नावाची ही जी मधली पायरी आहे, तिची किंमत अगदी नव्या युगातील एका विद्येला नव्याने कळून आली आहे. त्या विद्येचा इतिहास आज मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

ती विद्या म्हणजे दूर ठेवलेल्या संगणकांना ओळीओळीने लिहून आज्ञा देण्याची. आज जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातील एखाद्या अरुंद गल्लीतल्या घरात बसलेला तरुण मुंबईत एक संगणक उभा करतो, त्याच्याकडून रात्रभर काम करवून घेतो आणि सकाळी त्याला नाहीसा करतो. हा संगणक त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. पाहू म्हटले तरी दिसणार नाही, कारण स्वतंत्र वस्तू म्हणून तो अस्तित्वातच नसतो. त्याला आभासी यंत्र म्हणतात, आणि अशी असंख्य यंत्रे भाड्याने देण्याच्या व्यवस्थेला क्लाउड, म्हणजे मेघ, हे नाव पडले आहे. नाव काव्यमय असले तरी वस्तू अगदी जमिनीवरची आहे. प्रचंड गोदामे, त्यांत मांडणीवर रचलेले संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा आणि विजेचे मोठे बिल, असे तिचे खरे रूप.

जबलपूरला दुरून येणारा हुकूम नवा नाही. १७९८ साली मंडला व नर्मदाकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेईपर्यंत येथील कारभार नागपूरच्या कागदांवर चालला. पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, त्याचीही राजधानी नागपूर; तेव्हा १९५६ मध्ये नवे मध्यप्रदेश राज्य होईपर्यंत जबलपूरच्या कचेऱ्यांनी पुन्हा नागपूरकडेच डोळे लावले. मध्ये सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांची वाट, सातपुड्याचे डोंगर आणि घनदाट जंगल. ही वाट तुडवून जासूद जो कागद आणी, तो हाती घेणाऱ्याच्या मनात काही प्रश्न हटकून उभे राहत. हा कागद खरोखर धन्याचाच आहे काय? मजकुरात वाटेत कोणी भर घातली नाही ना? आणि नेमके करावयाचे काय आहे? मराठी दप्तराने ह्यांची उत्तरे शोधून ठेवली होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. मोर्तबाच्या खाली कोणी एक अक्षर वाढविले तर ते हुकमाचा भाग मानले जात नसे. आपण आजही शिक्कामोर्तब झाले असे सहज म्हणतो, पण त्या जोडशब्दात दोन वेगळ्या खबरदाऱ्या आहेत हे बहुधा विसरतो. एक, लिहिणारा कोण ते सांगणारी. दुसरी, लिहिणे कोठे संपले ते सांगणारी. हे येथे ध्यानात ठेवावे, कारण पुढे आपल्याला ह्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

मग तार आली. हिंदुस्थानात विल्यम ओशॉनेसी ह्या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले, आणि १८५४ च्या सुमारास कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. पुढच्याच वर्षी तारखाते सामान्य लोकांसाठी खुले झाले. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादेकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना मिळाले. ह्यानंतर जबलपूर हे दोन महानगरांच्या मधल्या वाटेवरचे ठाणे झाले, आणि रुळांच्या कडेने चालणाऱ्या तारांच्या खांबांनी शहराचे बाहेरच्या जगाशी असलेले नातेच पालटून टाकले. हुकूम आता घोड्यापेक्षा, गाडीपेक्षा वेगाने जाऊ लागला.

तारेने लिहिण्याची एक नवी रीत शिकविली. पैसे शब्दांवर मोजले जात, म्हणून वाक्यातील सगळी पाने गळून केवळ देठ उरे. आपल्या घरांतून तार आली म्हटले की आधी रडू कोसळे. त्याचे एक कारण असे की एवढ्या थोड्या शब्दांत मायेला जागाच नसे. परंतु ह्या काटकसरीतून एक युक्तीही जन्मली. सणावाराच्या व लग्नकार्याच्या शुभेच्छांना तारखात्याने क्रमांक देऊन ठेवले होते. आपण खिडकीशी फक्त क्रमांक लिहून द्यावा. तारेवरून तेवढा अंकच जाई, आणि पलीकडच्या गावी त्या अंकाचे संपूर्ण वाक्य होऊन ते वधूवरांच्या हाती पडे. म्हणजे मोठी वस्तू पाठवावयाचीच नाही. तिचे नाव पाठवावयाचे. त्या नावावरून ती वस्तू पलीकडे घडविली जाते. आज दीक्षितपुऱ्यातून मुंबईचे आभासी यंत्र उभे करताना नेमके हेच घडते. त्या यंत्राची कार्यप्रणाली कोणती, त्यावर आधीपासून काय बसविलेले असावे, ह्याचा तयार साचा पलीकडे ठेवलेला असतो व त्याला क्रमांक असतो. इकडून जातो तो केवळ क्रमांक.

ह्या शहराचा आणि संदेशविद्येचा संबंध पुढे अधिकच घट्ट झाला. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, दूरसंचाराचे शिक्षण देणारे केंद्र जबलपुरात निघाले. पुढे ते देशातील ह्या खात्याचे प्रमुख विद्यापीठच होऊन बसले, आणि आज ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने चालते. सैन्याच्या सिग्नल दलाचे शिक्षणकेंद्रही ह्याच शहरात आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या येथील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाने दूरसंचाराच्या शाखेला लवकरच मानाचे स्थान दिले. नर्मदेच्या ह्या शहराचे नाव निघाले की भेडाघाटचा संगमरवर आठवतो हे खरे, परंतु देशभरच्या तारघरांतून आणि टेलिफोनच्या एक्स्चेंजांतून ज्यांनी आयुष्य वेचले अशा कित्येकांना आधी जबलपूरची वर्गखोली आठवते.

तारेच्या खटखटीनंतर आला टेलिप्रिंटर, म्हणजे टंकलेखन यंत्रासारखे कळफलक असलेले यंत्र. इकडे अक्षर दाबावे की तिकडे ते कागदावर उमटे. भारतात १९६० साली मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना निघाला. अमेरिकेत मात्र त्याच दशकात कोणाच्या तरी ध्यानात आले होते की तारेच्या पलीकडच्या टोकाला माणूसच असला पाहिजे असे नाही. तेथे संगणक असला तरी चालेल.

हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. तोवर संगणकाशी व्यवहार चाले तो छिद्रे पाडलेल्या कार्डांनी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा कार्डांचा गठ्ठा खिडकीशी द्यावा, काही वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी यावे आणि कागदी निकाल घेऊन जावे, असा शिरस्ता असे. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. टेलिप्रिंटर जोडला गेल्यावर अर्जाचे संभाषण झाले. माणूस एक ओळ लिही, यंत्र त्याखाली उत्तर लिही. माणूस ते वाचून पुढची ओळ लिही. ह्याच ओळीला पुढे कमांड लाइन म्हणू लागले.

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली रचावयास घेतली. त्यांच्यापुढचा टेलिप्रिंटर सेकंदाला दहा अक्षरे काढी, आणि त्याच्या कळा दाबताना बोटे दुखत. तेव्हा आज्ञाही तारेच्या भाषेसारख्या झडझडीत झाल्या: यादी दाखव ह्यासाठी एल-एस, नक्कल कर ह्यासाठी सी-पी, हलव ह्यासाठी एम-व्ही. नव्या पिढीला ही अक्षरे गूढ मंत्रासारखी वाटतात. त्यांच्या मुळाशी गूढ असे काही नाही. हळू चालणारे यंत्र आणि दुखणारी बोटे एवढेच आहे. युनिक्सच्या वंशजांत, म्हणजे आजच्या लिनक्समध्येही, आज्ञा लिहावयाच्या खिडकीला आतल्या भाषेत टीटीवाय म्हणतात, आणि ते टेलिटाइपरायटर ह्याच शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या ह्या भावंडाचे नाव मात्र प्रत्येक क्लाउडमधील यंत्राच्या पोटात अजून वावरत आहे.

आता आभासी यंत्राकडे वळू. दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत ज्यांनी भाड्याच्या बिऱ्हाडात दिवस काढले त्यांना ही कल्पना समजण्यास जड जाऊ नये. वाडा एक, पाया एक, छप्पर एक. पण आत सहा बिऱ्हाडे; प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळे, आणि दार लावून घेतले की प्रत्येकाला घर आपलेच वाटते. एका मोठ्या संगणकाची स्मृती आणि त्याचा गणनाचा वेळ अशाच रीतीने वाटून देणारा एक कारभारी-प्रोग्राम असतो, त्याला हायपरव्हायझर म्हणतात. तो प्रत्येक भाडेकरूला भासवितो की सारा संगणक तुझाच आहे. शेजारच्याने फार दंगा केला तर त्याचा त्रास भिंतीपलीकडे जाणवतो हेही बिऱ्हाडासारखेच, आणि ह्या धंद्यातील लोक त्याला गोंगाट करणारा शेजारी असेच म्हणतात.

ही कल्पना अलीकडची आहे असा पुष्कळांचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात १९६४ पासून ह्यावर काम चालू होते. सीपी-४० नावाची जी व्यवस्था तेथे १९६७ च्या आरंभी कामास लागली, तिच्यात एका संगणकाचे १४ आभासी संगणक करता येत. १९७२ मध्ये ह्या कल्पनेचे विक्रीयोग्य रूप व्हीएम/३७० ह्या नावाने बाजारात आले. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की त्या आभासी संगणकांपुढे बसणारे लोक टंकलेखन यंत्रासारख्या साधनावर आज्ञा लिहीत. म्हणजे आभासी यंत्र आणि लिहून दिलेली आज्ञा ही जन्मापासूनची सोबती आहेत. चित्रांवर बोट ठेवून हुकूम देण्याची सोय मागाहून आली.

भारतातील सामान्य घरांत ह्या विद्येने पाऊल टाकले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा खुली केली तेव्हा. त्या सेवेत महागडे खाते घेणाऱ्याला चित्रे दिसत. स्वस्त खाते घेणाऱ्याला, म्हणजे विद्यार्थ्यांना आणि बेताच्या मिळकतीच्या लोकांना, फक्त अक्षरे. हे स्वस्त खाते म्हणजे वस्तुतः निगमाच्या युनिक्स यंत्रावरची एक जागा होती. घरच्या टेलिफोनवरून, मोडेमच्या किंचाळण्यातून वाट काढीत, तिथवर पोचावे आणि आज्ञा लिहाव्या. गरिबाला म्हणून जे दिले गेले त्यातच दूरच्या यंत्राला चालविण्याचे खरे शिक्षण होते, आणि आज मोठमोठ्या संस्थांची यंत्रे सांभाळणाऱ्या पुष्कळ भारतीयांचा श्रीगणेशा त्या काळ्या पडद्यावर झालेला आहे. दैवाचा हा न्याय मला मोठा गमतीचा वाटतो.

त्याच १९९५ साली फिनलंडमधील टाटू युलोनेन ह्या संशोधकाने हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात एसएसएच नावाचे साधन तयार केले. तोवर दूरच्या यंत्राशी होणारे बोलणे उघड्या पत्रासारखे जाई, आणि वाटेत कान लावून बसलेल्याला परवलीचा शब्दही सहज ऐकू येई. विद्यापीठात अशी चोरी झाली तेव्हा युलोनेनने ही बंदोबस्ताची वाट काढली. हिच्यात जासुदाच्या काळचे प्रश्न जसेच्या तसे पुन्हा उभे आहेत. लिहिणारा कोण हे एका गुप्त किल्लीने सिद्ध होते, आणि ती किल्ली धन्याच्या घराबाहेर कधी पडत नाही. पडतो तो तिचा ठसा. मजकुरात वाटेत फेरफार झाला असेल तर तो कळून येतो आणि हुकूम नाकारला जातो. शिक्का आणि मोर्तब, दोन्ही. फरक एवढाच की लाखेच्या जागी आता गणित आले आहे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉन कंपनीने आभासी यंत्रे तासावर भाड्याने देण्यास प्रारंभ केला. सर्वांत लहान यंत्राचे भाडे तासाला दहा सेंट होते. तोवर पुस्तके विकणारी म्हणून ओळखली जाणारी कंपनी यंत्रे भाड्याने देते ह्याचे अनेकांना नवल वाटले. त्या सेवेला प्रथम चित्रमय खिडकीच नव्हती. जे काही करावयाचे ते आज्ञा लिहून किंवा प्रोग्रामकडून करवून घ्यावयाचे. बोट ठेवून चालविण्याची सोय जानेवारी २००९ मध्ये आली. आपल्या बाजूला, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपापले तळ उघडले. त्या आधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, सरकारी कामकाजासाठी मेघराज ह्या नावाचा राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला होता, आणि शासनाची कितीतरी दप्तरे आज अशाच आभासी यंत्रांवर आहेत. ज्या कोकणी-मराठी किनाऱ्याकडे जबलपूरची माणसे एके काळी नोकरीसाठी गाडी पकडून जात, तेथील यंत्रांना आता दीक्षितपुऱ्यातून हुकूम सुटू लागले.

तो हुकूम दिसतो कसा? त्याला व्याकरण आहे. आधी साधनाचे नाव, मग खात्याचे, मग क्रियापद, आणि त्यापुढे कोणते, किती, कोठे ह्यांची उत्तरे. क्रियापदे मोजकीच: नवे यंत्र उभे कर, आहेत त्यांचे वर्णन सांग, थांबव, सुरू कर, नाहीसे कर. उत्तरही लेखी येते, आणि त्यात नव्या यंत्राचा भला लांब क्रमांक असतो. पुढचा सारा पत्रव्यवहार त्या क्रमांकाने.

ह्यातील दोन क्रियापदांची गल्लत नवशिक्याला महाग पडते. थांबविणे म्हणजे बिऱ्हाडाला कुलूप लावून गावाला जाणे. यंत्राचे भाडे थांबते, पण आत ठेवलेल्या सामानाचे, म्हणजे साठवणीच्या तबकडीचे, भाडे चालू राहते. परत आल्यावर यंत्राचा बाहेरचा पत्ता बदललेला असण्याचाही संभव असतो. नाहीसे करणे म्हणजे मात्र बिऱ्हाड मोडणे. तेथे परत येणे नाही, आणि वेगळी तजवीज केलेली नसेल तर सामानही गेले. ह्याउलट काहीच न करणे हा तिसरा प्रकार, आणि तोच सर्वांत अधिक घडतो. यंत्र सुरू करून माणूस विसरतो. यंत्राला विस्मरण नाही, ते भाडे मोजीत बसते. म्हणून जाणता माणूस दिवसाच्या अखेरीस वर्णन सांग ही आज्ञा देऊन काय काय चालू आहे ते पाहतो. तिजोरी बंद करण्यापूर्वी रोकड मोजण्याची जी शिस्त खजिन्यात असते, तिचीच ही धाकटी बहीण.

आणखी एक नाजूक प्रसंग आहे. हुकूम पाठविला आणि उत्तर आले नाही. तार तुटली. आता हुकूम पोचला नाही म्हणून पुन्हा पाठवावा, तर कदाचित पोचला असेल व दोन यंत्रे उभी राहतील. न पाठवावा, तर कदाचित एकही नसेल. नागपूरच्या जासुदाला वाटेत वाघाने खाल्ले तर कारकुनाची जी पंचाईत होई तीच ही. ह्यावर उपाय आहे तो आपल्या जावक क्रमांकाचा. हुकमाला धन्याने स्वतः एक खूण जोडावी. तीच खूण पुन्हा आली तर पलीकडचा कारभारी ओळखतो की हा नवा हुकूम नव्हे, जुन्याचीच प्रत आहे, आणि तो दुसरे यंत्र उभे करीत नाही. एवढ्या प्रगत शास्त्रात आवक-जावक नोंदवहीचे तत्त्व पाहून एका सरकारी नोकराला जे समाधान होते ते मी लपवीत नाही.

परंतु श्रोतेहो, लेखी हुकूम आपोआप शहाणा होत नाही. २०१७ च्या आरंभी एका महिन्याच्या आत दोन घटना घडल्या. ३१ जानेवारीला गिटलॅब ह्या कंपनीचा एक अभियंता रात्री उशिरापर्यंत बिघाडाशी झुंजत होता. एक निकामी झालेली साठवण पुसून टाकावी म्हणून त्याने आज्ञा लिहिली. आज्ञा बरोबर होती, पण गाव चुकले: ज्या यंत्रावर ती लिहिली ते दुय्यम नसून मुख्य होते. त्याने हात आवरेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी अवघी साडेचार उरली होती. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांचे गेले ते गेलेच. त्यानंतर २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या साठवण-सेवेत काही थोडी यंत्रे बाजूला काढण्याची आज्ञा देताना एक आकडा चुकीचा लिहिला गेला, आणि थोडीच्या ऐवजी पुष्कळ यंत्रे निघाली. अमेरिकेतील असंख्य संकेतस्थळे सुमारे चार तास पांगळी झाली.

ह्या दोन्ही प्रसंगांतील पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. दोन्ही कंपन्यांनी काय लिहिले गेले व त्याचा परिणाम काय झाला ते जाहीर केले. त्यांना ते करता आले, कारण हुकूम लेखी होता व वाचून दाखविता येत होता. गिटलॅबने ठरविले की प्रत्येक यंत्राच्या आज्ञा-ओळीच्या आरंभी त्या यंत्राची ओळख ठळक दिसली पाहिजे, म्हणजे लिहिणाऱ्याला आपण कोणत्या गावी आहोत ते विसरता येऊ नये. ॲमेझॉनने आपल्या साधनात अशी अट घातली की यंत्रे हळूहळूच निघावी, आणि ठराविक संख्येखाली ती जाऊच नयेत. आपल्याकडे खर्चाच्या मंजुरीला जी मर्यादा असते, तिच्यामागचा विचार ह्याहून निराळा नाही.

चित्रावर बोट ठेवून दिलेला हुकूम सोपा असतो हे मान्य केले पाहिजे, आणि त्याचीही नोंद क्लाउडच्या वहीत होते. पण ती नोंद कृत्य झाल्यानंतरची. त्याला मसुदा नसतो. बोट टेकण्यापूर्वीचा क्षण दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. लिहिलेली आज्ञा मात्र चालविण्याआधी शेजारच्याला दाखविता येते. काही साधनांत तर ती प्रत्यक्ष न राबविता केवळ अधिकार आहे की नाही एवढे तपासून पाहण्याची सोय असते. दहा आज्ञा एका फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवता येतात. दहा यंत्रे आज जशी उभी केली तशीच ती सहा महिन्यांनी, दुसऱ्या माणसाकडून, एक अक्षर न बदलता पुन्हा उभी करविता येतात. २०१४ पासून टेराफॉर्मसारखी साधने आली, ती ह्याच्याही पुढे गेली: त्यांत काय करावे हे लिहावयाचे नसते, अखेरीस काय असावे ते लिहावयाचे, आणि साधन आधी आपला बेत लिहून दाखविते व संमती मागते. कचेरीच्या भाषेत, प्रस्ताव सादर होतो आणि मग मंजुरी. मसुद्याची आमची ती बदनाम पायरी संगणकशास्त्राने आपल्या हाताने बांधून काढली, ती कोणा कारकुनाच्या आग्रहाने नव्हे, तर नुकसान सोसल्यावर.

अर्थात ह्या व्यवस्थेत एक गोष्ट आहे जिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. यंत्र आपले नाही. वाड्याचा मालक दुसरा आहे, भाडे तो ठरवितो, आणि सर्व बिऱ्हाडांच्या किल्ल्यांचा जुडगा अखेरीस त्याच्याकडे असतो. शासनाने मेघराज निराळा काढला त्यामागे हा विचार होताच. पण दुसऱ्या बाजूने पाहावे, तर जबलपूरच्या विद्यार्थ्याला १९६४ साली मोठ्या संगणकावर एक गणित करून पाहावयाचे असते तर त्याला मुंबई गाठावी लागली असती, आणि कोणाची तरी चिठ्ठी न्यावी लागली असती. आज त्याला तासाचे भाडे पुरते. चिठ्ठी लागत नाही, हा फरक मला भाड्याच्या आकड्याहून मोठा वाटतो.

भाषेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. १ जून १९४९ पासून आपल्या देशात देवनागरीतून तारा जाऊ लागल्या. ज्या मोर्स संकेतांत इंग्रजी अक्षरांचाच विचार झाला होता, त्यांत आपल्या स्वरव्यंजनांना बसविण्याची खटपट तारखात्याने केली, आणि ती साधली. दूरच्या यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची क्रियापदे मात्र आजही इंग्रजीच आहेत, आणि ती बदलतील अशी चिन्हे मला दिसत नाहीत. राज्यव्यवहारासाठी फारसी शब्दांच्या जागी देशी शब्दांचा कोश करवून घेणारा राजा आपल्या इतिहासात होऊन गेला. ह्या कारभाराला अद्याप तसा कोशकार भेटलेला नाही.

तथापि आज्ञांच्या फाईलमध्ये एक जागा अशी आहे जी यंत्रासाठी नसतेच. ओळीच्या आरंभी एक विशिष्ट चिन्ह घातले की यंत्र ती ओळ वाचीत नाही, सोडून पुढे जाते. ती केवळ माणसांसाठी असते, आणि तीत देवनागरी बिनदिक्कत चालते. आज्ञेच्या वर तेथे लिहून ठेवता येते, की ही चार यंत्रे परीक्षेच्या निकालापुरती आहेत, निकाल लागल्यावर काढून टाकावी. दुसऱ्या यंत्राला हात लावू नये, त्यावर मागच्या वर्षाचे गुण आहेत. वर्षाने ती फाईल उघडणारा कदाचित दुसराच कोणी असेल. यंत्र ती ओळ ओलांडून जाईल, आणि तो मात्र तेथे थांबून वाचील.